मेडिकलच्या कपाटाची किल्ली

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न — कुलूप लावलं म्हणजे घर राखलं का? लगेच मान डोलवू नका, आधी ऐका!

शिरगावच्या पेठेत यशवंतराव मिराशींचं मेडिकल. झोपेच्या गोळ्यांचं कपाट वेगळं, किल्ली कायम कमरेला! डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा गोळी नाही. मेव्हणा म्हणे, "दाजी, दोनच द्या हो!" हे म्हणत, "चिठ्ठी आण, नाहीतर महाराजांच्या कीर्तनाला बस. हमखास झोप लागते!" — हसा, हसा! मृदंगवाले दादा तर फारच हसतायत!

त्यांची एकुलती एक केतकी. बारावीला. परीक्षेच्या धास्तीनं पोरीची झोप उडाली. आई शालनताई, भाबडी माउली! म्हणाली, "केतू, हे ॲप घे. महाराजांची कीर्तनं आहेत यात. ऐकत पड, डोळा लागेल."

कुठल्या महाराजांची, मंडळी? माझी!

पोरगी ऐकायला लागली. माझं कीर्तन संपलं — ॲप थांबतंय होय? पुढचं आपोआप सुरू! झोप कशी लागेल, त्याचा व्हिडिओ. मग गोळीची गंमत सांगणारा कुणीतरी हसरा पोरगा. मग दुसरा, तिसरा... शेवटी गोळ्या घरपोच पाठवणारा! वय किती, चिठ्ठी कुठाय — विचारलं कुणी?

पोरगी सुस्त झाली. जेवेना, बोलेना. आईला वाटलं, नजर लागली! तिन्हीसांजेला मीठमोहरी घेतली, पोरीवरून उतरवली, विस्तवावर टाकली. आणि नजर लावणारा? पोरीच्या हातात होता हो!

एका दुपारी दुकानात पार्सल आलं. नाव केतकीचं. मुलगी मोठी झाली, तिचं पार्सल बापानं फोडू नये — एवढी त्या माणसाची रीत! सही केली, स्वतः जिना चढून वर घरात गेले. "केतू, तुझं काहीतरी आलंय बघ."

अख्ख्या गावाला चिठ्ठी विचारणारा माणूस, मंडळी... त्यानं आपल्या हातानं दिलं!

दुसऱ्या दिवशी पेपर होता. सकाळी आई उठवायला गेली. केतकी उठली नाही.

पाणी द्या.

तेराव्याला मी गेलो. यशवंतरावांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "महाराज, या कपाटाला कुलूप नसेल तर सरकार माझा परवाना काढून घेतं. तपासायला साहेब येतो. बरोबरच आहे! पण त्या ॲपनं चार महिने माझ्या पोरीला हे शिकवलं. त्याला तपासायला कोण येतं?"

 

ते बघा, खांबाजवळ बसलेत. त्यांनी सरकारला अर्ज लिहिलाय — वय तपासल्याशिवाय असलं ॲप उघडू नये, पोरांपुढं नशा टाकणाऱ्यांना शिक्षा व्हावी. बुक्क्याच्या ताटाशेजारी ठेवलाय. आज आधी सही, मग बुक्का!

आणि ताई, तुम्ही! लेकरू गप्प बसावं म्हणून हातात फोन दिलाय ना? इथं माझं कीर्तन चाललंय. त्याच्यापुढं काय चाललंय? बघा. आत्ता बघा!

अहो कॅमेरावाले दादा, ते रेकॉर्डिंग बंद करा. उद्यापासून त्या ॲपवर मी नाही. ऐकायचं तर इथं यायचं, लेकरांना शेजारी घेऊन बसायचं.

आज शेवटचा गजर माझ्याच्यानं होणार नाही. यशवंतराव, पेन द्या. पहिली सही माझी... त्या फोनमधून तुमच्या लेकीच्या कानात पहिला आवाज माझाच गेला होता.