मडगाडावरची माझी जागा

माजं म्हायेर चिंताकीचं बगा, औरादकडलं. तिथं कुणी तेलगू बोलतंय, कुणी कन्नड, आन् आमी घरात मराठी, म्हणून लहानपणी शिव्या तिन्ही भाषेत खाल्ल्या, खोटं कामून सांगू. माझी माय लोकांच्या धुऱ्यावरचं, म्हंजे बांधावरचं, गवत कापायची, इळ्यानं, आन् भारा डोक्यावर घिऊन इकायला न्यायची, मागं मी, माज्या डोक्यावर बारका भारा. आता भारा डोक्यावर असला की मान वर होत न्हाई, गवत डोळ्यापुढं लोंबतंय, तवा त्या रस्त्याला झाडं कोणती होती ते मला इचारू नका, मला मायच्या टाचा ठाव हायेत. भेगाळलेल्या, मातीनं लाल झालेल्या टाचा. तेवढंच बगत मी मोठी झाले.

मंग लगीन होऊन मुडबीला आले. हे येका मालकाच्या ट्रॅक्टरवर डायवर होते. मालकाच्या पोरांनी नवा ट्रॅक्टर आणला आन् जुना शेडात पडला, कोंबड्या बसायला लागल्या त्याच्यावर, तवा ह्यांनी तो घेतला. आमच्या लग्नाच्या आधीचा हाय तो. विहारापुढं नेऊन उभा केला, मेणबत्ती लावली, गल्लीत पेढे वाटले. त्याच्यासंगं ही गवत कापायची मिशीन आली. मिशीन म्हंजे काय, ट्रॅक्टरच्या मागं जोडायची, उजव्या अंगाला लांब पट्टी निगती, तिच्यात पाती कैचीवानी सरकतेत आन् घास आडवा होत जातोय. पण धुरा आला, दगड आला, वळण आलं की ती पट्टी वर उचलावी लागती, न्हाई तर गेलीच ती. उचलायला हातानं वडायचा दांडा. आता डायवरनं स्टेरिंग धरावं का दांडा वडावा? म्हणून मी. मडगाडावर, म्हंजे मोठ्या चाकावरच्या पत्र्यावर, बसायचं, ह्यांनी मान हलवली की दांडा वडायचा, खटक्यात अडकवायचा, धुरा वलांडला की सोडायचा.

पयल्या दिवशी मडगाडावर बसले न्हवं, काय सांगू तुमाला, तुरीच्या वरून बगितलं मी! जलमभर तुरीत वाकून काम केलेली बाई, आन् तूर माझ्या पायाखाली. पार लांबची सडक दिसायली, सडकंवरची बस दिसायली. मी हसाय लागले तर हे मनले काय झालं, मी मनले काय न्हाई, हाका तुमी.

आन् दुसरी येक गोष्ट हाय, हसू नका. हे लई कमी बोलतेत. घरात जेवताना ताटाकडं बगतेत, च्या पिताना कपाकडं, माझ्याकडं बगायचं कामच पडत न्हाई ह्यांना. पण ट्रॅक्टरवर धुरा आला की मागं वळून माझ्याकडं बगावंच लागतंय. आमच्या घासाच्या रानात धुरे लई हायेत. बाकीचे डायवर धुऱ्याला कटाळतेत, मी न्हाई कटाळले.

तर झालं काय, मागल्या साली त्या दांड्याची पिन झिजली, भोक झिजून लांबुळकं झालं, खटक्याचे दात बी गेले. मी दांडा वडायची, पट्टी अर्धी उचलायची आन् धाडकन खाली. येकदा दगडावर पडली, दोन पाती गेली. मंग नेली मिशीन खटकचिंचोळीला, मौलाउस्तादकडं. वेल्डिंगच्या कामात त्यांचा हात चांगला. उस्तादनं खाली वाकून बगितलं, दांडा हलवून बगितला आन् मनला, हा दांडाच काढून टाकतो. ट्रॅक्टरच्या मागं नांगर उचलायचे दोन हात असतेत न्हवं, तेलाच्या पंपावर चालणारे, त्यांनाच साखळीनं पट्टी जोडून देतो, बसल्या जागेवरून भाई येकटा उचलील. आन् माझ्याकडं बगून मनला, अक्का, अब तुम घर में आराम करो.

त्या दिवशी मिशीन तिथंच ठिऊन आमी घरी आलो.

पोरगी कलबुर्गीला नर्स हाय, तिला फोनवर सांगितलं तर ती मनली, आई, लई बरं झालं, तुजे गुडगे बगितलेस का. शेजारीण मनली, नशीबवान हाईस. सगळ्यांला आनंद, आन् मला रडू यायलंय, पण सांगू कुणाला आन् काय सांगू? साठीकडं झुकलेली बाई, मला नवऱ्याजवळ मडगाडावर बसायचंय मनून सांगू? दुसऱ्या दिवशी परत गेलो तवा मी उस्तादला मनले, साखळी तुटंल. तो मनला, जाड घालतो. मी मनले, पट्टी सारकी वर न्हाई यायची. तो मनला, तो माझा जिम्मा. मी मनले, मला घरात करमत न्हाई. तर तो मनला, टीवी बगा. लई राग आला मला त्याचा.

तवर हे बिडी वडत उभे. मंग बिडी टाकली आन् मनले, उस्ताद, पंप गळायलाय. नांगर बी धरत न्हाई. दांडाच नीट करा. उस्ताद ट्रॅक्टरखाली वाकला, बगितलं, परत उठून ह्यांच्याकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, आन् दाढीत हसला. मला तवा समजलं न्हाई कामून हसला ते. मंग कामाला लागला. झिजलेलं भोक वेल्डिंगनं भरलं, नवं पाडलं, जाड पिन ठोकली, खटक्याला कानशीनं नवे दात काढले. हे मनले, दांडा इतभर वाढवा, म्हंजे हिला हलका जाईल. वरून सायकलची टूब बी गुंडाळली, हाताला चटका बसू नये म्हणून. आता बगा, लेकराच्या पाळण्यावानी हलका उचलतोय.

मंग उन्हाळ्यात नांगरट आली. मी भाकरी घिऊन रानात गेले तर नांगर त्या दोन हातांवर वर उचललेला, जड नांगर, हे जेवायला थांबले तरी तसाच अधांतरी, इंचभर खाली येईना. मी वाकून बगितलं. खाली माती कोरडीठाक, तेलाचा येक थेंब न्हाई. मी ह्यांच्यापुढं भाकरी ठेवली आन् मनले, पंप गळायचा थांबला वाटतं? तर हे ताटाकडं बगत मनले, पिठल्यात मीठ कमी पडलंय.

मीठ बरोबर होतं. मी बी पुढं इचारलं न्हाई, अजून इचारलं न्हाई. पण त्या दिवशी माय लई आठवली मला, तिला येकदा तरी तुरीच्या वरून रान दाखवायला पायजे होतं.

गुडगे दुखतेत, दुखू द्या. घास चांगला हाय, म्हशी दुधावर हायेत, पोरगी तिच्या पायावर उबी हाय, मला आता काय कमी न्हाई. तुमी बाया हाव का बापे, लिवणारे हाव का वाचणारे, तुमाला बी धुऱ्याधुऱ्याला वळून बगणारं कुणी मिळू दे, येवढंच माजं मागणं. चला, ते हारन वाजवायलेत. लई येळ झालं चालू करून बसलेत, पण माझ्याबिगर निगायचे न्हाईत.