साडूची विलायती सायकल

आता हसतो मी, पण तवा माह्या अंगाची आग झालती. लग्नात सासऱ्यानं मले घड्याळ देलं अन् धाकट्या साडूले विलायती सायकल. केळापूरले सासरी जाताना मी माह्या जुन्या सायकलवर होतो; उतारावर तो पायडल न मारता सनान पुढे गेला. वरून म्हणे, "भाऊ, या तुम्ही हळूहळू."

तो विहिरीवर पाणी प्याले थांबला, तशी मी त्याच्या चाकाची हवा काढली अन् पुढे निंघालो.

घंट्याभरानं तो सायकल लोटत सासऱ्याच्या अंगणात आला.

"बाभळीचा काटा लागला असन," म्हणत मी खिशातून तंबाखूची डबी काढली. तिच्यासंग व्हॉल्व्हची टोपी सासऱ्याच्या पायाशी पडली. त्यायनं ती उचलून खिशात टाकली.

दिवाळीले माह्या ताटाजवळ हवा भराचा पंप ठेवला होता.

"जावईबापू, काढता तं येतेच तुमाले," सासरे म्हणे. "आता भरत जा."