अनीशचं प्रमेय

(सावेडीतला फ्लॅट, दुपार. निवृत्त गणितशिक्षक मार्तंडराव, त्यांची पत्नी दमयंतीबाई आणि त्यांच्या दिवंगत मुलाबरोबर, अनीशबरोबर, संशोधन केलेली यामिनी. आतल्या खोलीत अनीशची पत्नी.)

मार्तंडराव: शनिवारी कॉलेजात ते प्रमेय कोरलेली फरशी बसतेय, आणि तू आज सांगतेस ते खोटं आहे?

यामिनी: खोटं नाही काका. चुकलेलं. मलाही परवाच कळलं.

दमयंतीबाई: कोणतं गं? अनीश जायच्या आधी छापून आलं ते?

यामिनी: तेच, काकू.

दमयंतीबाई: त्यात काय होतं, मला कधी कळलंच नाही.

यामिनी: काही नियम ठरवले की त्यांत बसणाऱ्या रचना मिळतात. त्या फोडत गेलं की शेवटी न फुटणारे तुकडे उरतात. अनीशच्या नियमांत हे तुकडे एका आकारापलीकडे जाणारच नाहीत, असं त्याचं म्हणणं.

मार्तंडराव: आणि जातात?

यामिनी: हवे तेवढे मोठे होतात.

मार्तंडराव: तपासणाऱ्यांना दिसलं नाही?

यामिनी: कुणालाच नाही. सगळ्यांत आधी तर मीच वाचलं होतं.

मार्तंडराव: मग शनिवार जाऊ दे. भाषणं होऊ देत. गेलेल्या माणसाला कसली घाई?

यामिनी: एका मुलीची सगळी पीएचडी त्यावर उभी आहे, काका. ती रोज पुढचं लिहितेय.

दमयंतीबाई: अहो, तो असता तर...

मार्तंडराव: तो नाहीये!

दमयंतीबाई: तिच्यासमोर कशाला ओरडता? तिचाही मित्रच होता ना.

मार्तंडराव: ...आण तो कागद. दाखव तुकडा.

यामिनी: ही साखळी. आणि ही टोकाची जोडी.

मार्तंडराव: यातले कुठलेही दोन घटक एक मानले...

यामिनी: की ही जोडीही एक होते. म्हणून फुटत नाही.

मार्तंडराव: नियम पाळते?

यामिनी: सगळे.

मार्तंडराव: साखळी लांबवली तर?

यामिनी: तरी पाळते. जोडीपर्यंत पोचायला ठरावीक पायऱ्या पुरतात, असं अनीशनं धरलं होतं. इथे साखळीबरोबर पायऱ्याही वाढतात.

मार्तंडराव: थांब. मला करू दे... हं. वाढतात.

दमयंतीबाई: काय झालं? चष्मा का काढला?

मार्तंडराव: बरोबर आहे हिचं. आपला अनीश चुकला.

दमयंतीबाई: हळू बोला. सूनबाई आत जागी आहे.