अर्धं कोरं कव्हर

छापखान्यात मी नंबर यायची वाट बघत होतो. शेजारी एक आत्या आणि तिचा भाचा. आत्याच्या मांडीवर तिच्या गाण्यांच्या रेकॉर्डचं कव्हर, त्यानेच केलेलं.

"आयुष्यातली पहिली रेकॉर्ड माझी, आणि कव्हर अर्धं कोरं?"

"मोकळी जागा म्हणतात त्याला, आत्या."

"लहानपणी माझ्या भिंतीवर वीतभरही सोडली नव्हतीस ती."

"तू गाताना मध्येच थांबतेस ना, लोक डोळे मिटून घेतात. तेच दाखवलंय."

"अरे, मी थांबते ते दम लागतो म्हणून!"





"खरं सांगू, मलाही तिथे काही सुचलं नव्हतं."

"हात्तिच्या! मग आधी नाही सांगायचं? जा, छापायला दे."

"आणि कुणी विचारलं तर?"

"म्हणायचं, डोळे मिटा."