मामंजींचा लाल दिवा

— अहो, बसा हो साहेब! एवढ्याशा लाल दिव्यानं तोंड उतरलं? यंत्र तुमचं, बसवलंत तुम्ही — बाहेरचं कुणी आमच्या पंपांच्या कॉम्प्युटरमध्ये घुसलं की ओरडायचं म्हणून — आणि ओरडलं की दचकायचंही तुम्हीच! फारच नाजूक बाई ते. पहिल्या आठवड्यात आम्ही गाळणी धुवायला घेतली की बोंब, पंप बदलला की बोंब.

हा दिवा ना, रोज दुपारी लागतो. मग मी काय करते? हे बटण, 'ओळखीचं आहे' — दाबलं. झालं गप्प बिचारं! कुणाच्या ओळखीचं म्हणजे? तुम्हीही ना, अगदी खोदून खोदून विचारता — आमचे मामंजी हो, माझे सासरे! माझ्याआधी या खुर्चीवर तेच होते. निवृत्त झाले, पण जीव सगळा इथंच. जेवण झालं की घरच्या कॉम्प्युटरवरून डोकावतात — टाकी किती भरली, पाण्यात क्लोरीन किती पडतंय — आणि मग खुशाल घोरतात. पासवर्ड बंद करायला सांगितलं होतं मला, पण नाही झालं माझ्यानं. मोठ्या साहेबांच्या कानावर घालू नका हं! तसे कशाला हात लावत नाहीत ते. नुसतं बघायचं, आणि संध्याकाळी मला टोमणा — "सूनबाई, टाकी आज अर्धीच ठेवलीस!" अख्खं गाव पितं हे पाणी, काळजी वाटते त्यांना.

काय? आज नुसतं बघत नाहीयेत? क्लोरीन वाढवलंय? छे, काहीतरीच! सरका बघू — अगंबाई, हा आकडा कुणी केला? परत वाढला! अहो, मामंजी कसे वाढवतील — काल डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी बांधून दवाखान्यात पडलेत, मीच डबा देऊन आले सकाळी. घराला कुलूप आहे, किल्ली ही माझ्या पर्समध्ये. मग त्यांच्या वेळेला, त्यांच्याच पासवर्डनं हे कोण आलंय? आणि मी आपली सवयीनं —

हे यंत्र का गप्प आहे आता? ओरड ना मेल्या, आता ओरड! कसं ओरडेल... मीच गप्प केलं ना त्याला. अहो साहेब — अरे बाळा, माझ्याकडे काय बघतोस, ती इंटरनेटची निळी वायर उपट आधी! मी खाली जाऊन क्लोरीनचा पंप हातानं बंद करते. आणि फोन लाव मोठ्या साहेबांना — हो, सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग.