ओट्यावरनं मोजा

नाय नाय साहेब, जमिनीवरनं नका धरू टेप — हितनं, ह्या ओट्यावरनं धरा. जमिनीवरनं लाईटवाले मागच्या आठवड्यातच मोजून गेले — साडेनऊ फूट भरलं, नियमाला नऊ लागतं, झालं, लिहून मोकळे — 'सदर महिलेच्या हलगर्जीपणामुळे.' सदर महिला म्हणजे कोण? माझी सून हो, शुभांगी! तिचा हात गेला कोपरापासनं, आन् वरून हलगर्जीपणा बी तिचाच? म्हणून तर अर्ज केला मी, म्हणलं सरकारी निरीक्षक येऊ द्या, तो तरी खरं मोजंल. ती काय जमिनीवर उभी नव्हती, ह्या ओट्यावर उभी होती. आन् माणूस जिथं उभा राहू शकतो तिथनं उघड्या तारंपर्यंत मोजायचं — असाच हे ना नियम? असाच हे. धरा, मी टोक धरतो खालचं.

किती? सात? सातच ना — बघा! दोन फूट कमी! आता लिहा ते, तुमच्या अक्षरात लिहा, म्हणजे तिच्या नावापुढची ती ओळ खोडता येईल. मला बाकी काय नको. ती ओळ तेवढी खोडा.

त्या दिवशी काय झालं? झालं काय — खंडेनवमी होती. ज्याचं त्याचं हत्यार तो पुजतो, रिक्षावाला रिक्षा पुजतो, गिरणीवाला गिरणी. आम्ही फुलवाले, आमचं हत्यार विहिरीवरची मोटर, आन् मोटरीचा जीव ह्या डीपीत — ही दोन खांबं आन् मधला ट्रान्सफॉर्मर, एकोणनव्वद सालात आला तेव्हा आख्ख्या मळ्यानं पेढे खाल्ले होते. तवापासनं दरसाल नारळ, शेंदूर आन् झेंडूची माळ. मोठी माळ, घरच्या फुलांची. पाटी? धोक्याची ना? हे की ती, हितंच हे — शेंदूर लागून लागून कवटी दिसंना झाली, एवढंच. नखानं खरवडा, निघंल. पाटी काढली नाय हां आम्ही, उगा म्हणाल.

तर माळ ओली होती — फुलं टवटवीत राहावी म्हणून पाणी मारतोच आम्ही — आन् तिनं ती त्या लोखंडी अँगलला अडकवली, एक टोक सुटं होतं, ते हेलकावलं वरच्या तारंकडं... मी रस्त्यावर उभा होतो. नुसता आवाज झाला, साहेब. फटाक्यासारखा. बाकी मला विचारू नका.

ओटा? ओटा कुणी बांधला म्हणजे — होताच तो. म्हणजे आधी नव्हता. चार वर्षं झाली असतील. पावसाळ्यात हितं लय चिखल, फुलं ठेवायची कुठं? अडीच फूट दगड रचले, वरनं कोबा केला. मीच केला. कोपऱ्यावरची जागा, नाशकाकडनं येणारं गिऱ्हाईक हितंच थांबतं, दसऱ्याला तर गाड्यांची रांग लागती. डीपीच्या खाली बांधला हे खरं, पण कुणी सांगायला नको का, बाबा हितं नको बांधू म्हणून? कुणी म्हणलंच नाय. एका शब्दानं नाय.

काय? तो नियम मला कुठनं माहीत?

कुठनं म्हणजे... ऐकलेला. असाच. — सहादू वायरमन होता हितं, आता बदलून गेला सटाण्याकडं. तो म्हणला होता एकदा. एकदा नाय, तीनदा म्हणला. बांबू घेऊन आला, ओट्यावर उभा केला, म्हणला, "पुंजारामदादा, तार होती तिथंच हे, तुम्ही माणसाला वर आणलंय. हे माप जमिनीपासनं नसतं, माणूस उभा राहील तिथनं असतं. काढा हा ओटा." मी काय म्हणलो? मी म्हणलो, तू तुझी तार सांभाळ, मी माझा ओटा सांभाळतो. आन् एक माळ घातली त्याच्या सायकलीला. हसलो वरनं. लय हसलो.

आन् ती आपणहून नाय चढली, साहेब. तिनं खालीच बांधली होती माळ, खांबाला, कमरेइतकी. मी रस्त्यावरनं वरडलो — "वर बांध गं, रस्त्यावरनं दिसली पाहिजे." सासऱ्याला उलट बोलायची नाय ती. चढली.

लिहा ना. थांबलात का? खोडा ती ओळ आन् लिहा, सासऱ्यानं सांगितलं म्हणून चढली. — रकाना नाय? एक लाईटवाल्यांच्या चुकीचा, एक जखमीच्या चुकीचा, बस? आन् माझ्यासारख्यानं कुठं जायचं? आन् तिचा जबाब? 'मी माझ्या मनानं चढले' — होय, माहीत हे मला, ललितनं सांगितलं, माझ्या पोरानं. ओझरच्या कारखान्यातनं येतो आन् भिंतीकडं तोंड करून बसतो, तेवढं एक वाक्य बोलला माझ्याशी. जबाबाखाली सही नाय तिची, अंगठा हे. डावा. बारावी शिकलेली पोर, साहेब. माझं नाव घेतलं नाय तिनं.

रोज डबा घेऊन जातो मी दवाखान्यात. दारात माझी चप्पल वाजली की ती पदर घ्यायला हात उचलती — आधी उजवाच उचलती, जो नाय तो. मंग डाव्यानं घेती. आन् म्हणती, "दादा, बसा ना."

कुठं बसू, साहेब?

गुंडाळा तुमची टेप. जावा आता.