रुद्राजीच्या आईची हरकत

मंडळी, ऐका! दिगंबरपंत, पेटी जरा थांबवा. सूर गोड लागलाय तुमचा, पण आता मला मंडळींना एक प्रश्न विचारायचाय.

प्रश्न असा — सेना कुणाच्या हाती द्यावी? बोला की! मागून कोण म्हणालं, शूराच्या? बरं. मग शूर कुणाला म्हणायचं? ज्याची तलवार लांब त्याला? ज्याच्या मिशीला पीळ जास्त त्याला? तसं असेल तर आमचे मृदंगवाले बापूराव आजच सेनापती व्हायला हवेत! हसू नका, त्यांनी मनावर घेतलं तर माझं कीर्तन इथंच आटोपेल.

अहो, पोरगी द्यायची तर आपण मुलाची चौकशी करतो. पितो का, जुगार खेळतो का, आईशी कसा वागतो, सगळं विचारतो! आणि ज्याच्या एका शब्दावर घराघरांतले मुलगे मरायला निघणार, त्याची चौकशी कशी करायची? त्याला काय विचारायचं? ह्याचं उत्तर मी देणार नाही. एक म्हातारी देणार आहे. तिचं नाव भागाई. बोला, जय हरी विठ्ठल!

घाटमाथ्यावर एक लहानसं राज्य होतं, बहिरीगड. इतिहासाच्या पुस्तकात शोधू नका, सापडायचं नाही, ही कथा आहे! राजा सोमदेव. चांगला माणूस, पण कौतुकाला भुलणारा. आपल्यासारखाच! तर झालं काय, जुने सेनापती वारले. आणि बातमी आली — पाऊस सरून वाटा सुकल्या की शत्रू घाट चढणार. सेना उभी आहे, घोडे उभे आहेत आणि पुढं कुणीच नाही! राजानं नाव काढलं — रुद्राजी नाईक.

कोण हा रुद्राजी? भागाईचा एकुलता एक मुलगा, फौजेतल्या एका पथकाचा नाईक, म्हणजे म्होरक्या. बाप रणात पडलेला. पोरगा उंचापुरा, तलवार अशी चालवायचा की बघत राहावं. आदल्या साली करवंदीच्या खिंडीत लढाई झाली, तेव्हा हा एकटा घुसला आणि शत्रूचं निशाण घेऊन आला. राजानं हत्तीवरून मिरवला त्याला! गावोगावच्या बायकांनी ओवाळलं. आता असा माणूस सेनापती नको, असं कोण म्हणेल?

पण मंडळी, त्या राज्याची एक रीत होती. काय रीत होती! सांगताना आजही माझी मान ताठ होते. नेमणूक राजा करायचा, पण भर सभेत. मधे तबकात विडा ठेवायचा. ज्याचं नाव निघालं त्यानं उभं राहायचं आणि लोकांनी त्याच्यावर बोलायचं. आधी कुणी बोलायचं? दिवाणानं? नाही! सरदारांनी? नाही! ज्या घरातला माणूस रणात पडला, त्या घराचा बोल पहिला. मग सरदार, मग दिवाण. आणि राजा? राजा सगळ्यात शेवटी! आहे का हो कुठं असा दरबार? आणि हरकत निघाली तर ती फिटेपर्यंत विड्याला हात लावायचा नाही.

सभा भरली. रुद्राजी उभा राहिला, नवा शेला, कमरेला तलवार. राजानं विचारलं, "पडलेल्यांच्या घरांपैकी कुणाची हरकत आहे?"

कुणी उठेना. आता लोकांना वाटलं, झालं काम! दिवाण त्र्यंबकपंत घाईघाईनं पुढं आले. मोठे विद्वान, बोलायला लागले की थांबायचे नाहीत — आमच्यासारखेच!

"महाराज," दिवाण म्हणाले, "नाईकांचं वय लहान आहे असं काही सरदार म्हणतात. पण पराक्रम वय बघत नाही. खिंड कुणी जिंकली? निशाण कुणी आणलं?"

जुना सरदार दारकोजी बसल्या जागेवरून म्हणाला, "निशाण आणणं वेगळं आणि फौज नेणं वेगळं, पंत."

"म्हणजे नाईक भित्रे आहेत असं म्हणायचंय?"

"भित्रा? उलट भीतीच नाही त्याला. त्याचीच मला भीती वाटते!"

झाली की हो वादावादी! कुणी म्हणे, तरुण रक्त पाहिजे. कुणी म्हणे, फौज म्हणजे कुस्तीचा फड नव्हे. शेवटी राजा म्हणाला, "रुद्राजी, तुम्हीच बोला."

रुद्राजीनं छाती काढली. "महाराज, मला एवढंच ठाऊक — रणात उतरलो की रुद्राजी मागं वळून बघत नाही!"

वाहवा! टाळ्या! अहो, तुम्हीसुद्धा वाजवल्या असत्या. मीही वाजवल्या असत्या.

आणि त्या टाळ्यांत बायकांच्या बाजूनं आवाज आला, "माझी हरकत हाय."

कोण बोललं? सगळ्यांच्या माना वळल्या. भागाई! ओवाळायचं ताट शेजारणीच्या हातात देऊन ती पुढं येत होती. रुद्राजीला वाटलं, आईनं काहीतरी चुकीचं ऐकलं.

"आये, अगं मीच हाय. माझंच नाव निघालंय."

"दिसतंय मला. अजून डोळं शाबूत हायती." म्हातारी त्याच्यासमोर उभी राहिली. "माझ्या घरातला माणूस रणात पडलाय, महाराज. पहिला बोल माझा. बोलू का?"

राजा म्हणाला, "बोला, भागाई. तुमचा हक्क आहे."

"रुद्रा, तू मागं वळून बघत न्हाईस म्हणतोस. तेच इचारते. खिंडीत तुझ्या मागं कोण हुतं?"

"माझं पथक होतं, आये."

"पथक न्हवं. नाव सांग. तू निशाणावर झेप घेतलीस, तवा तुझी पाठ कुणी राखली?"

रुद्राजी आठवायला लागला. आठवेना! आठवणार कसं? बघितलंच नव्हतं!

"बरं ऱ्हाऊ दे," भागाई म्हणाली. "जी माणसं पडली, त्यांची मुंडाशी कुणी पोचवली?"

आता मंडळी, इथं मला थांबलं पाहिजे. मुंडाशी पोचवणं म्हणजे काय? गडी रणात पडला की त्याला तिथंच अग्नी द्यायचे. तलवार फौजेची, ती फौजेत राहायची. घरी यायचं ते फक्त डोक्याचं मुंडासं. आणि ते आणायचं पथकाच्या नाईकानं — स्वतः, पायात जोडा न घालता. उंबऱ्याशी उभं राहायचं, घरच्या बाईच्या हातात द्यायचं आणि तो कसा गेला ते सांगायचं. मगच तिनं कुंकू पुसायचं.

रुद्राजीची मान खाली गेली. "आये, त्या वेळी मिरवणूक होती. महाराजांनी बोलावलं होतं. मी सामानाच्या बैलावर गाठोडं बांधून गड्यांबरोबर पाठवलं."

"पाठवलंस. आन गड्यांनी घरोघर टाकलं. कुणाचं कुणाला!"

भागाई आणखी एक पाऊल पुढं आली.

"आपल्या गावची गिरजा. तिचा नवरा सटवाजी तुझ्या पथकात हुता. तिला मुंडासं आलं, ते त्याचं न्हवतंच. त्याच्या मुंडाशाला तिनं आपल्या चोळीच्या खणाचं ठिगळ लावलं हुतं. आलेल्याला ठिगळ न्हाई! ती काय म्हणाली ठाऊक हाय? माझा धनी जित्ता हाय. कुठंतरी अडकलाय, यील. सारा गाव म्हणतोय गिरजाला याड लागलं. मी म्हणते, तिचं काय चुकलं? रोज कुंकू लावती, रोज त्याच्या वाटणीची भाकर थापती. मी गावं धुंडली, रुद्रा. ठिगळाचं मुंडासं दुसऱ्या गावात एका घरच्या देव्हाऱ्यात ठेवलंय. ती माणसं त्याला आपल्या पोराचं समजून हात जोडत्यात."

"मग गिरजावहिनीला सांगितलंस?"

"म्या का सांगू? ते काम माझं न्हाई. ज्याच्या शबुदावर तो पुढं गेला, त्याचं हाय. आजबी ती वाट बघत बसलीया, आन तू हितं इडा उचलाय निघालास!"

काय ही आई! पोटचा पोरगा, राज्यातली सगळ्यात मोठी जागा, हात लांब केला की मिळणार — आणि आडवी कोण आली? आपण असतो तर? आपण म्हटलं असतं, जाऊ दे, घरातलं घरात सांगू, आधी नेमणूक होऊ द्या! म्हटलं असतं की नाही? खरं बोला, देवळात बसलाय!

दिवाण म्हणाले, "बाई, स्वतःच्या मुलाविरुद्ध बोलताय तुम्ही!"

"पंत, त्यो माझा हाय म्हणून मला ठाऊक हाय. उद्या ह्याच्यामागं तुमचा पोरगा जाणार हाय, ते तुमी इचारात घ्या."

राजा उठला. म्हणाला, "चूक माझीही आहे. मिरवणुकीला मीच बोलावलं." राजानं कबूल केलं हो, भर सभेत! आणि रुद्राजीनं काय केलं? चिडला? आईवर ओरडला? नाही. त्यानं तबकातल्या विड्याला हात लावला नाही. कमरेची तलवार काढली, दारकोजीच्या पुढ्यात ठेवली. "काका, मी मुंडाशी पोचवून येतो, तोवर फौज तुम्ही सांभाळा." जोडे तिथंच सोडले आणि निघाला.

ज्याचे हाती जीव दिला । तेणें जीव ओळखावा ॥

वाजवा, बापूराव! चालू दे त्याची वाट!

रुद्राजी त्या दुसऱ्या गावी गेला. देव्हाऱ्यातलं मुंडासं मागितलं. त्या घरच्या म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या, त्या त्यानं ऐकून घेतल्या आणि खरं मुंडासं आणून देतो म्हणून शब्द दिला. मग आला गिरजाच्या उंबऱ्याशी. ती भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं, त्याचे उघडे पाय बघितले. हातातलं ठिगळ बघितलं. तव्यावरची भाकरी करपली, पण ती जागची हलली नाही.

"नाईक, लई येळ लावलासा," ती म्हणाली.

"वहिनी, चूक माझी आहे."

तिनं मुंडासं छातीशी धरलं. रडली नाही. म्हणाली, "कसं गेलं ते सांगा. त्याबिगर मी कुंकू पुसणार न्हाई."

आणि मंडळी, निशाण आणणारा तो बहाद्दर, उभ्या राज्यानं ओवाळलेला — त्यानं हात जोडले! तो म्हणाला, "मला ठाऊक नाही. मी बघितलं नाही. विचारून येतो."

ह्याला धैर्य म्हणतात! खिंडीत घुसायला लागलं नसेल एवढं धैर्य एका बाईसमोर 'मला ठाऊक नाही' म्हणायला लागलं असेल. तो फिरला. खिंडीतून परत आलेला एकेक गडी गाठला. कुणी लंगडत होता, कुणाचा हात गेलेला. प्रत्येकाशेजारी बसला आणि विचारत राहिला. मग पुन्हा गिरजाच्या दारात आला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सटवाजीच्या मांडीत बाण घुसला होता. तरी खिंडीच्या तोंडाशी तो एकटा उभा राहिला, निशाण घेऊन नाईक बाहेर पडेपर्यंत कुणाला मागून येऊ दिलं नाही. पडताना शेजारच्याला म्हणाला, नाईक सुटला का रं बघ.

तेव्हा गिरजा रडली. आणि रुद्राजी उंबऱ्याबाहेर बसून रडला. असाच तो पडलेल्यांच्या सगळ्या घरी गेला. चुकलेलं प्रत्येक मुंडासं आपापल्या घरी नेलं. पायांना फोड आले, पण कुणाकडून जोडा घेतला नाही.

दसरा आला. सभा पुन्हा भरली, शत्रू घाटाच्या पायथ्याशी! राजा भागाईला म्हणाला, "आई, हरकत फिटली का?"

भागाई म्हणाली, "मला नगा इचारू. मी त्याची आई हाय, आता माझं मन वढ घ्यायचं." आणि ती मागं सरकून बसली.

रुद्राजी पुढं आला. "महाराज, मी नेमणूक मागायला आलो नाही. एक खोटं दुरुस्त करायला आलोय. निशाण मी उचललं. खिंड सटवाजीनं जिंकली. आजपासून पोवाडा गायचा तर त्याचा गा."

मग गिरजा उठली, कपाळ रिकामं. तिच्यासोबत तिचा दीर म्हादू होता, मिसरूड फुटलेला गडी. ती म्हणाली, "माझ्या घरातला माणूस पडलाय. पहिला बोल माझा." तिनं ते ठिगळाचं मुंडासं म्हादूच्या डोक्याला बांधलं. म्हणाली, "म्हादू, जा. नाईकाच्या मागं हुबा ऱ्हा. त्यो आता वळून बघतोय."

सांगा मंडळी, आणखी कुणाची संमती लागते? दारकोजीनं तलवार परत दिली. दिवाण — हो, बोलणारे दिवाण — एक शब्द बोलले नाहीत! रुद्राजीनं विडा उचलला. भागाईनं पदर डोळ्याला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "माझा हाय त्यो!" अहो, आत्ता म्हणाली! हत्तीवरून मिरवला तेव्हा नव्हती म्हणाली!

लढाई झाली. जिंकले. पण मला सांगायचंय ते पुढचंच. ढोल वाजत होते, हत्ती सजला होता आणि सेनापती हत्तीवर नव्हता. तो उघड्या पायांनी गावागावांत हिंडत होता.

आता तुमच्याकडं येतो. सुटका नाही! तुमच्यापुढंही माणसं उभी राहतात, छाती काढून. गावाला, राज्याला, देशाला पुढं नेतो म्हणतात. आपण काय बघतो? आवाज बघतो. मिरवणूक बघतो. आणि टाळ्या वाजवून मोकळे! त्याच्यामागून जे गेले त्यांच्या दाराशी हा कधी उभा राहिला का, हे विचारतो का कुणी? आपलाच माणूस असला की तर मुळीच विचारत नाही. भागाईनं विचारलं. आपला होता म्हणूनच विचारलं. त्या म्हातारीच्या मराठी भाषेत मी बोलतो ह्याचा मला अभिमान आहे.

चला, आरतीची वेळ झाली. मानकरी उठले वाटतं? थांबा. सरपंच, तुम्हीही बसून घ्या, तबक तुमच्याकडं नंतर येईल. शेवंताकाकू, तुम्ही त्या खांबाआड का बसलात? सीमेवर तुमचा मुलगा गेला, तेव्हापासून तुम्ही कुठल्या समारंभाला पुढं येत नाही. आम्हीही कधी हाताला धरून आणलं नाही, ती आमची चूक. या, काकू. वाट करा रे मंडळी! सगळे उभे राहा. देवापुढचं हे तबक तुमच्या हातात, आणि आरतीचा पहिला शब्द तुमचा. तुम्ही म्हणा, मागून आम्ही म्हणतो.